सोसायटीतल्या पर्यावरणाच्या कार्यक्रमांनी घरातल्या सवयी बदलतात का? नाशिककरांनो, खरा अनुभव सांगा

पाथर्डीफाटा_कर

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, वाचा प्लीज. आमची पाथर्डी फाट्याला तीन विंगची सोसायटी आहे, मी सध्या कमिटीत आहे. आमच्याकडे ५ जूनला झाडं लावणं, २ ऑक्टोबरला साफसफाई, गणपतीआधी शाडूच्या मूर्तीची कार्यशाळा, संक्रांतीला पोरांकडून नायलॉन मांजा वापरणार नाही अशी शपथ, हे सगळं दरवर्षी होतं. लोक येतात हो, आणि मनापासून येतात. पोरं कोपरापर्यंत हात मातीत घालतात, आज्या खुर्च्या टाकून बसतात, चहा-पोहे होतात. त्या दिवशी कोणालाही विचारा, कचरा वेगळा करायचा ना, तर हो, प्लास्टिकची पिशवी नको ना, तर नकोच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की जिन्यातून जी बादली खाली येते तिच्यात रात्रीचा भात, दुधाच्या पिशव्या, डायपर, देवाचे हार, पार्सलचे डबे, सगळं एकात एक.

आता गणपतीच्या तयारीची मीटिंग आहे. दोघातिघांचं म्हणणं असं पडलं की ह्या कार्यक्रमांचे पैसे पार्किंगच्या लाइटला लावा, दरवर्षी तेच ते, फरक काही पडत नाही. मला आतून वाटतं की पडत असणार, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही. म्हणून विचारतोय, तुमच्या घरात अशा एखाद्या कार्यक्रमानंतर काही सवय लागली आणि ती टिकली असं झालंय का? आणि टिकली तर नेमकं कशामुळे टिकली? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, गोदावरीबद्दल सगळेच बोलतायत, पण नदीत जे जातं त्यातलं बरंचसं आपल्याच घरांतून निघतं ना.

गंगापूररोड_ताई

दादा, आमच्याकडे झालंय, आणि तेही गणपतीतच.

काही वर्षांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी विसर्जनाच्या आधी खाली पार्किंगमध्ये पिंप ठेवून दाखवलं की पीओपीची मूर्ती घरच्या घरी कशी विरघळते. त्यात अमोनियम बायकार्बोनेट टाकतात, बेकरीवाले बिस्किटात वापरतात तेच. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, मूर्ती बुडेल एवढं पाणी, दर दोन-तीन तासांनी ढवळायचं, साधारण ४८ तासांत मूर्ती विरते. खाली पांढरा गाळ बसतो तो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट असतं जे खत म्हणून वापरतात, भरपूर पाणी मिसळून झाडांना घालता येतं. महापालिका ही पावडर विसर्जनाच्या दिवसांत फुकट वाटत आलीये. फक्त वास उग्र असतो, डोळ्यात जातो, म्हणून बाल्कनीतच ठेवा, बंद बाथरूममध्ये नको.

आता मुद्द्याचं सांगते. सासूबाईंना काही केल्या पटेना, देव बादलीत घालायचा म्हणजे काय. मी वाद घातला नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा गणपती, सोवळंओवळं सगळं कडक, त्यांनी रीतसर उत्तरपूजा केली, आरती म्हटली, दही हातावर ठेवलं, बादलीला हळदकुंकू लावलं आणि मूर्ती हळूच त्यात बसवली. सासूबाई ते बघायला वर गेल्या होत्या. खाली आल्या आणि मला एवढंच म्हणाल्या, ती मोठी बादली स्वच्छ घासून ठेव गं.

आणि त्या कार्यक्रमात मुलांनी दुसरी एक चांगली गोष्ट केली होती, प्रत्येक मजल्यावर निर्माल्यासाठी एक झाकणाचा डबा ठेवला, दहा दिवसांसाठी म्हणून. दहा दिवस झाले तरी आमच्या मजल्यावरच्या बायकांनी तो परत जाऊ दिला नाही. रोजच्या पूजेची फुलं, दूर्वा, पत्री त्यात जायला लागलं, हाराचा दोरा आणि ती चकचकीत प्लास्टिकची झालर काढून टाकायची एवढं बघावं लागतं. मग फुलांबरोबर भाजीची देठं, मग सालं. आता आमच्या मजल्यावर दोन मोठे ड्रम आहेत, सुका पाला, थोडं आंबट ताक, वरून माती, आणि घंटागाडीत आमचा ओला कचरा जवळजवळ जातच नाही. मूर्तीही आता आम्ही शाडूचीच आणतो, पण पावडरचं मुद्दाम सांगितलं, कारण सगळी घरं एकदम शाडूवर येत नाहीत.

कंपोस्टवर एक व्याख्यान पण झालं होतं आमच्याकडे, छान होतं, पण त्यातलं आज कोणाला काही आठवत नाही. डबा मात्र अजून आहे.

सिडकोवाला

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका कोणी. पोस्टकर्त्यांनी जे लिहिलंय ना की दुसऱ्या दिवशी बादलीत सगळं एकात एक, तेच खरं आहे आणि ते सगळ्या नाशकात आहे. आणि झाडांचं तर विचारूच नका. आपल्याकडे ५ जूनला पाऊस कुठे असतो? वळवाची एखादी सर आली तर आली. नीट पाऊस लागायला निम्मा महिना उलटतो. त्या तापलेल्या खड्ड्यात रोप लावायचं, तांब्याभर पाणी घालायचं, फोटो काढायचा आणि पंधरा दिवसांनी जाऊन बघा, काडी. वनमहोत्सव १९५० मध्ये सुरू झाला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला, जून कोरडा गेला तरी जुलैत माती ओली असतेच.

आणि अजून एक, माणसाच्या मनाचं असतं की एक चांगलं काम केलं की आपलं देणं फिटलं. जूनमध्ये झाड लावलं, झालं, आता वर्षभर गल्लीतल्या दुकानात पण गाडीवर जायला मोकळे. मला वाटतं कार्यक्रमांनी कधी कधी नुकसानच होतं. शिवाय लोक एकदा बघतात की वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्रच पडला, की संपलं. पुढे शंभर शपथा घ्या.

म्हसरूळ_डोंगर

सिडकोवाले भाऊ, जूनच्या पावसाचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. आमचा ग्रुप आता ५ जूनला फक्त खड्डे आणि माती तयार करतो, रोप जमिनीत जातं ते पाऊस चांगला लागल्यावर. पण म्हणून सगळेच कार्यक्रम बाद नका करू हो. फाशीच्या डोंगरावर २०१५ च्या ५ जूनला हजारो नाशिककरांनी येऊन देशी झाडं लावली, आज तिथे जाऊन बघा, देवराई म्हणतात तिला. ती त्या एका दिवसाने उभी राहिलेली नाही, लोक नंतर येत राहिले, आळी करायला, गवत काढायला, उन्हाळ्यात पाणी घालायला, वणव्याच्या आधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढायला.

झाडाची खरी परीक्षा होळीनंतर असते, जूनमध्ये सगळेच हिरवे. मी मागची बरीच वर्षं डोंगरावर पाणी घालायला जातोय, आणि मला माणसांमधला बदल तिथे दिसला. पाच लिटरचा कॅन दोन्ही हातांत घेऊन मुरमाच्या पायवाटेने चढायचं, पाय घसरतो, कॅनची मूठ बोटात रुतते, आणि वर जाऊन त्या पाच लिटरमध्ये जेमतेम एक झाड होतं. आमच्यातला एक जण, बँकेत आहे, तो म्हणाला की आता घरी नळ सोडून दाढी करताना हात आपोआप नळाकडे जातो. त्याला कोणी पाणी वाचवा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या एकाने घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरायला सुरुवात केली, आणि त्याच्या शेजारच्या घरातही आता तेच चालतं.

तर पोस्टकर्ते दादा, तुमच्या सोसायटीत दहाच झाडं लावा. करंज, बहावा, पळस, अर्जुन, जागा असेल तर उंबर. गुलमोहर नि ग्लिरिसिडिया नको, ती बाहेरदेशची झाडं. आणि एकेक झाड एकेका घराला द्या, त्या घराचा फ्लॅट नंबर पाटीवर लिहा. मे महिन्यात पाटीवर फ्लॅट नंबर आणि खाली वाळलेलं रोप असं कोणालाच चालत नाही, माणूस बरोबर बादली घेऊन येतो.

कॉलेजरोड_वाचक

ह्या विषयावर मी बरंच वाचलंय, मानसशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून लिहिते. वर ताईंनी जी वरच्या मजल्यावरच्या काकूंची गोष्ट सांगितली ती मला फार महत्त्वाची वाटली. अमेरिकेत हॉटेलांत टॉवेल रोज धुवायला न टाकता पुन्हा वापरा अशा चिठ्ठ्या ठेवतात, त्यावर २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पर्यावरण वाचवा असं नुसतं लिहिलेल्या चिठ्ठीला एक तृतीयांशाहून थोडे जास्त पाहुणे बधले. ह्याच खोलीत आधी राहून गेलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, असं लिहिलं तर जवळपास निम्मे. बघा म्हणजे, पृथ्वीपेक्षा त्याच खोलीतल्या अनोळखी माणसाचं जास्त ऐकलं लोकांनी. मग आपल्याच मजल्यावरच्या काकूंचं किती ऐकतील. तेव्हा प्रमुख पाहुणे बाहेरून आणण्याऐवजी तुमच्याच बिल्डिंगमधल्या ज्या घरात हे आधीपासून चालतंय त्यांना पुढे करा, त्यांच्या स्वयंपाकघरात नेऊन दाखवा.

दुसरं, सवय लागायला वेळ किती लागतो. लंडनला २०१० मध्ये ह्यावर काम झालं, ९६ लोकांवर, रोज एक छोटी गोष्ट करायची आणि ती न आठवता कधी व्हायला लागते ते नोंदवायचं. मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकला तरी काही बिघडत नाही हेही त्यात दिसलं, हे लोकांना जरूर सांगा, कारण एक दिवस कचरा एकत्र गेला की लोक नादच सोडतात. एका दिवसाच्या कार्यक्रमाकडून तुम्ही सवयीची अपेक्षा करताय तेच चुकतंय असं मला वाटतं. गणपती ते दिवाळी असा सलग काळ धरा ना, साधारण दोन महिने होतात, हवा पण चांगली असते.

आणि तिसरं मला फार आवडलेलं. ब्रिटनमध्ये २०१६ चा एक अभ्यास आहे, सुमारे ८०० लोकांवर, त्यातले निम्मे नुकतेच घर बदललेले. घरी जाऊन सल्ला आणि थोडं सामान दिलं तर ज्यांनी मागच्या तीन महिन्यांत घर बदललं होतं त्यांच्यावर परिणाम जास्त झाला, कारण त्यांची घडीच बसलेली नव्हती. पाथर्डी फाट्याला भाडेकरू सारखे बदलत असतात. नवीन कुटुंब आलं की सामान लावायच्या आधीच कमिटीकडून दोन डबे, हिरवा आणि निळा, आणि गाडीची वेळ लिहिलेला कागद. मला तरी हा खर्च वर्षातल्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा मोलाचा वाटतो.

सिडकोवाले दादांनी देणं फिटल्याचं जे म्हटलं तेही होतं, ह्यावरही संशोधन आहे. पण मला वाटतं, पुढचं काम लगेच हातात दिलं तर ते कमी होत असावं.

पंचवटीकर_मास्तर

छान चर्चा चाललीये. मी शाळेत शिकवतो, मुलांना घेऊन गोदाघाटावर जातो. पूर ओसरला की जातो मुद्दाम. ज्या मूर्तीवरून आपण पुराची पातळी सांगतो त्या दुतोंड्या मारुतीच्या कितव्या भागापर्यंत पाणी होतं हे मुलांना आधी विचारतो, सगळ्यांना माहीत असतं, घरी त्याचीच चर्चा असते. मग म्हणतो आता मारुती सोडा, कठड्यांकडे बघा. लोखंडी गजांना, झाडांच्या फांद्यांना, पाणी जिथवर चढलं तिथवर कॅरीबॅगा गुंडाळलेल्या असतात, वाळलेल्या, चिखलाने राखाडी झालेल्या. आमची एक सहावीतली मुलगी एक पिशवी सोडवत होती, सुटेना, तीन पिळे बसलेले, सोडवली तर आत नारळाची शेंडी, अगरबत्तीचा पुडा आणि देवाचा फोटो. ती गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली, म्हणाली सर काय सांगितलंत, घरात ही पिशवीला हात लावू देईना, भाजीला कापडी पिशवी घेऊन मागे लागते. प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, बाजारात काय दिसतं ते आपण बघतोच. त्या घरात बंदी आली ती ह्या मुलीमुळे.

मला नेहमी गाडगेबाबा आठवतात. गोदावरीकाठी त्यांची धर्मशाळा आहे आपल्याकडे, नाशिककरांना सांगायला नको. बाबा गावात गेले की आधी दिवसा खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. लोक दिवसभर तो माणूस झाडताना बघायचे, मग रात्री त्याचं ऐकायचे. आपण कार्यक्रमात आधी भाषण ठेवतो, उद्घाटन, सत्कार, आणि झाडू शेवटी, तोवर निम्मे लोक निघून गेलेले. क्रम उलटा करून बघा, पोटतिडकीने सांगतो.

अंबड_सेकंडशिफ्ट

थोडक्यात लिहितो, शिफ्टला जायचंय. सायकलीचं सांगतो. २०१५ ला आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी ती अमेरिकेतली जवळपास ४८०० किलोमीटरची रेस केली तेव्हापासून इथे सायकलीचं वेड वाढलं, रॅली निघतात, पंढरपूरला सायकल वारी जाते. मी पण रॅलीत जायचो रविवारी. पण सोमवारी कंपनीत गाडीवरच. बदल झाला तो एका रॅलीत आमच्याच एमआयडीसीतले तिघे भेटले, एकच शिफ्ट, एकाच रस्त्याचे. ठरलं की त्रिमूर्ती चौकात भेटायचं आणि सोबत जायचं. आता रात्री सुटल्यावर पण सोबत असते, ट्रकांची भीती वाटत नाही. एकटा असतो तर कधीच सोडून दिलं असतं. पाऊस असला की बस, ते पण आम्ही सोबतच. तेव्हा कार्यक्रमात लोकांची एकमेकांशी गाठ घालून द्या, एका रस्त्याचे, एका वेळेचे, बाकी ते बघून घेतात.

नाशिकरोडची

सिडकोवाल्या दादांनी गाडीत कचरा एकत्र पडतो म्हटलं, त्यावर आमच्या सोसायटीत काय केलं ते सांगते. मागे एका कार्यक्रमाला आम्ही प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या घंटागाडीवरच्या काकांना बोलावलं, शाल-श्रीफळ दिलं, आणि माइक दिला. ते बोलले कमी. हातमोजा काढला आणि तळहात दाखवला, अंगठ्याखाली ब्लेडने चिरलेल्याच्या खुणा, एकीवर एक. म्हणाले, ताई, पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून द्या, काच वेगळ्या खोक्यात द्या, आम्हाला हाताने निवडावं लागतं. सभागृहात कोणी हललं नाही. आणि गाडीत ओल्या-सुक्याचे कप्पे कसे असतात ते त्यांनी खाली गाडीपाशी नेऊन दाखवलं, आणि म्हणाले की तुमच्याच बादलीत मिसळलेलं आलं तर मी कुठल्या कप्प्यात टाकू.

त्यानंतर आमच्याकडे पॅड आणि काच वेगळी द्यायला लागले, जवळजवळ सगळी घरं. ओला-सुका अजून सगळे करत नाहीत, खरं तेच सांगते. पण काकांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे, आणि नावाने ओळखीच्या माणसाच्या हाताला लागेल असं काही देताना माणूस थांबतो.

अजून एक मनातलं. तपोवनातली झाडं साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामासाठी, तोडणार म्हटल्यावर २०२५ च्या शेवटी माणसं जमली ती बघितली तुम्ही? मी गेले होते मुलीला घेऊन. तिथे मला आधीच्या झाडं लावण्याच्या कार्यक्रमांत भेटलेले किती चेहरे दिसले. तेव्हा त्या ५ जूनच्या कार्यक्रमांचा उपयोग लगेच बादलीत दिसला नाही तरी माणसं एकमेकांना ओळखायला लागतात, आणि वेळ आली की फोन फिरतात. पार्किंगच्या लाइटसाठी हे बंद करू नका दादा.

सिडकोवाला

ताई, घंटागाडीच्या काकांचं वाचून थांबलो. हे आमच्या गल्लीत पण करता येईल. बाकी माझं झाडांचं म्हणणं कायम आहे, पण दहा झाडं आणि फ्लॅट नंबर हे मान्य.

पाथर्डीफाटा_कर

मंडळी, मनापासून आभार, मीटिंगला न्यायला भरपूर मिळालं. मी असं मांडणार आहे: यंदा व्याख्यान नाही, सत्कार फक्त घंटागाडीच्या काकांचा. शाडूची कार्यशाळा राहील, पण सोबत पिंपाचं प्रात्यक्षिक, आणि ते सुद्धा आमच्या बी विंगमधल्या एका आजींकडून, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाही. मजल्यावर निर्माल्याचे डबे, आणि ते दिवाळीपर्यंत तरी हलवायचे नाहीत. नवीन भाडेकरूंना दोन डबे हे मी ठरावातच घालणार. झाडं लावायची तेव्हा पाऊस बघून लावू.

गंगापूररोड ताई, एक विचारायचं होतं, डब्यांना वास, चिलटं, अळ्या ह्यावरून तक्रारी आल्या तर काय करायचं? आमच्याकडे पहिली तक्रार तीच येणार. आणि पावडर कधी घ्यायची?

गंगापूररोड_ताई

येतातच तक्रारी, पहिल्या आठवड्यात. वास आला म्हणजे ओलं जास्त आणि सुकं कमी, एवढं धरून चाला. प्रत्येक थराला मूठभर सुका पाला किंवा नारळाचा भुसा, सोसायटीतला झाडून काढलेला पाला जाळू नका, पोत्यात भरून ठेवा, तोच लागतो. डब्याच्या बुडाला आणि बाजूला भोकं हवीत, खाली ताट. शिजलेलं अन्न पहिले दोन महिने अजिबात नको, फक्त फुलं आणि कच्ची सालं, मोसंबी-लिंबाची सालं पण थोडीच. चिलटं झाली तर वरून कोरड्या मातीचा थर द्या आणि दोन दिवस काही टाकू नका. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, पण ज्याला त्या बघवत नाहीत त्याच्या दारासमोर डबा ठेवू नका, जिन्याच्या खिडकीपाशी ठेवा.

आणि हो, डब्याची जबाबदारी मजल्यावरच्या एकाच घराकडे वर्षभर देऊ नका, ती बाई कंटाळते. आमच्याकडे पाळी असते, कागद डब्याच्या झाकणालाच चिकटवलाय. पावडरची चौकशी तुमच्या विभागीय कार्यालयात गणपती बसायच्या आधीच करून ठेवा, अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी गर्दी उसळते. पिंप एकदा आधी पाणी भरून गळतंय का ते बघून घ्या.